मिठाची बरणी सगळ्यांची आहे!

रेडिमेड मिळालेल्या गोष्टीची आपल्याला किंमत नसते. जावास्क्रिप्टमध्ये सॉर्ट लिहिलं की अ‍ॅरे सॉर्ट होतो, संपला विषय. पण ते फंक्शन काही आकाशातून पडत नाही, कोणीतरी बसून लिहिलेलं असतं. ते कसं लिहिलंय हे न बघताच आपण त्यात स्वतःची भर घालायला निघतो. माझा आक्षेप आहे तो याला.

क्रोम आणि नोडच्या पोटात जे इंजिन आहे त्याचं नाव व्ही८. २००८ मध्ये ते आलं तेव्हा त्यातली बरीच बिल्ट-इन फंक्शन्स चक्क जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली होती. सॉर्टचंच घ्या. दहापर्यंत घटक असले तर इन्सर्शन सॉर्ट, जास्त असले तर क्विकसॉर्ट. म्हणजे आपण डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरसाठी घोकतो तेच! पण हा क्विकसॉर्ट स्टेबल नव्हता. रोल नंबरने लावलेली यादी मार्कांवर सॉर्ट केली, तर सारखे मार्क असलेल्यांचा क्रम बिघडू शकायचा. २०१८ मध्ये क्रोम ७० पासून तिथे टिमसॉर्ट आला. तो टॉर्क नावाच्या भाषेत लिहिलाय. ही भाषा व्ही८वाल्यांनी खास बिल्ट-इन्ससाठीच बनवली. त्यातला कोड इंजिन बिल्ड होतानाच मशीन कोड होऊन बसतो.

आता भर घालण्याबद्दल. अ‍ॅरेची सगळी फंक्शन्स एकाच प्रोटोटाइपवर असतात. (प्रोटोटाइपला मराठीत काय म्हणतात ते कृपया विचारू नका, आम्ही कॉन्व्हेंटवाले!) पानावरचे सगळे अ‍ॅरे तोच प्रोटोटाइप वापरतात. मेसमधली मिठाची बरणी जशी एकच, तसं. तुम्ही आपल्या सोयीसाठी त्यात साखर भरलीत तर वरण सगळ्यांचंच गोड होणार.

हे खरंच घडलंय. २००६ साली आलेल्या मूटूल्स लायब्ररीने या प्रोटोटाइपवर स्वतःचं 'फ्लॅटन' टाकलं होतं. २०१८ मध्ये त्याच नावाचं बिल्ट-इन फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत आलं आणि एक चालू वेबसाइट मोडली. का? मूटूल्स फॉर-इन लूप फिरवून आपली फंक्शन्स दुसरीकडे कॉपी करायचं. बिल्ट-इन्स त्या लूपला दिसत नाहीत, आणि त्यांच्यावर दुसरं फंक्शन लिहिलं तरी ती जागा अदृश्यच राहते. झालं, कॉपी झालीच नाही! शेवटी नाव बदलून 'फ्लॅट' करावं लागलं. एका लायब्ररीच्या सोयीपायी अख्ख्या जगाला नाव बदलावं लागलं. नोडवाले तर इतके सावध, की सुरुवातीलाच मूळ बिल्ट-इन्सच्या प्रती बाजूला काढून ठेवतात!

काही जण म्हणतील, मग पॉलिफिलचं काय? ते चालेल. पण फंक्शन मुळात नसेल तरच टाकायचं, आणि स्टँडर्डमध्ये लिहिलंय अगदी तसंच. बाकी वेळी दोन ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहा आणि अ‍ॅरे त्याला पास करा. पाच अक्षरं जास्त टाइप करावी लागतील, एवढंच.

आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चौघांचा कोड शेवटी एकाच पानावर येतो. एकाने प्रोटोटाइपला हात लावला की बग निघतो दुसऱ्याच्याच फाइलमध्ये, आणि व्हायवात उभा राहतो तो बिचारा दुसरा. तेव्हा बरणी उघडून आत काय आहे ते जरूर बघा. फक्त त्यात आपलं काही ओतू नका!