जुन्या हार्ड डिस्कवर किती विसंबावे?

लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवणे हे दुरुस्तीच्या दुकानांतले नित्याचे काम झाल्यापासून काढून ठेवलेल्या अडीच इंची हार्ड डिस्क तेथे साठत असून, त्यांपैकी चालू स्थितीतल्या डिस्क डेस्कटॉपला जोडून पुन्हा वापरता येतात. मात्र डिस्क जोडता येणे आणि तिच्यावर माहिती सोपवता येणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि तंत्रज्ञाची कसोटी दुसरीत लागते.

जोडणी सोपी आहे. साटा डिस्कला डेस्कटॉपचीच केबल आणि वीजजोडणी चालते. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला 12 व्होल्ट लागत असले, तरी अडीच इंची डिस्कचे 5 व्होल्टवर भागते आणि एसएमपीएस दोन्ही पुरवतो. कॅबिनेटच्या रुंद खणात ती ब्रॅकेट लावून घट्ट बसवावी. जुन्या आयडीई डिस्कला मात्र, वीजही ज्यातून येते असा 44 पिनांचा जोड असल्याने, 40 पिनांच्या केबलसाठी अॅडॉप्टर लागतो.

त्यानंतर ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली माहिती, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने वाचाव्यात. खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, किंवा वाचताना अडलेले सेक्टर प्रलंबित दिसत असतील, तर ती डिस्क कामातून बाद समजावी. हेड वारंवार बाजूला नेऊन ठेवण्याची सवय लॅपटॉपच्या अनेक डिस्कमध्ये वीजबचतीसाठी घातलेली असते. दिवसभर चालणाऱ्या डेस्कटॉपमध्ये त्यामुळे झीज वाढते, म्हणून ती सेटिंग शक्य तेथे सैल करावी.

नोंदी निर्दोष असल्या, तरी त्या उद्याची हमी देत नाहीत, कारण डिस्क पूर्वसूचनेविना बंद पडू शकते. शिवाय मिनिटाला बहुधा 5400 फेरे घेणाऱ्या या डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम संथ चालते. यास्तव तिची योग्य जागा दुसऱ्या प्रतीची आहे: मूळ माहिती अन्यत्र सुरक्षित असताना तिचा बॅकअप येथे ठेवावा, एकमेव प्रत कदापि ठेवू नये.

डिस्क दुसऱ्याला देण्यापूर्वी पहिल्या मालकाची लेखी संमती घेणे आणि संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून जुनी माहिती पुसणे अनिवार्य मानले पाहिजे, कारण क्विक फॉरमॅटने केवळ फाइलींची सूची नव्याने मांडली जाते आणि मजकूर बहुतांशी जागेवरच राहतो. बाद डिस्क, 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत असलेल्या पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जावी, भंगारात नव्हे.

हा पुनर्वापर ग्राहकाचे पैसे वाचवतो आणि कचरा कमी करतो, म्हणून तो वाढायलाच हवा. परंतु डिस्क वापरलेली आहे, तिच्या नोंदी काय सांगतात आणि ती कोणत्या कामासाठी दिली आहे, हे प्रत्येक तंत्रज्ञाने बिलावर लिहून दिले, तरच ग्राहकाला तिच्यावर किती विसंबावे हे जाणून ठरवता येईल.