कानाचं शिक्षण : ऑडिऑलॉजीची चार वर्षं आणि कर्जाचा नवा हिशेब



२०२५ च्या दिवाळी कार्यक्रमात आम्ही जेवणाच्या रांगेत उभे होतो. पुढे मंडळातलीच एक मुलगी, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. सवयीप्रमाणे विचारलं, "मग पुढे काय?" ती म्हणाली, "काका, ऑडिऑलॉजी. क्लिनिकल डॉक्टरेट करणार आहे." मागून लगेच कोणीतरी म्हणालंच, "म्हणजे कानात मशीन बसवणारे ना? मग सरळ मेडिकलच का नाही?" तिच्या आईने विषय बदलला, मुलीने श्रीखंडाची वाटी उचलली.

आम्ही दोघेही इंजिनिअर, दोघेही आयटीत. वर्षभरापूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो. पण त्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, आणि टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जायला लागला होता.

बाबांसाठी आम्ही काय केलं? जे कुठलाही आयटीवाला करेल तेच. रिव्ह्यू वाचले, तुलनेचा तक्ता केला आणि दुकानातून विनाप्रिस्क्रिप्शनचं श्रवणयंत्र आणलं. १७ ऑक्टोबर २०२२ पासून इथे ते कायदेशीरपणे असं मिळतं. पंधरा दिवसांत ते ड्रॉवरमध्ये गेलं. "त्यात फक्त ताटल्या वाजतात," हे बाबांचं म्हणणं. शेवटी ऑडिऑलॉजिस्टकडे नेलं. एका कानात मळ घट्ट बसलेला होता आणि दोन कानांच्या ऐकण्यात बराच फरक होता. असा फरक दिसला तर आधी डॉक्टरला दाखवा, असं त्या खोक्यावरच छापलेलं होतं. ते आम्ही वाचलं नव्हतं!

खरी गंमत पुढे झाली. शिट्ट्यांची तपासणी ठीक झाली, कारण शिट्टीला भाषा नसते. पण शब्द ऐकून म्हणून दाखवायची जी ठरलेली यादी असते ती इंग्रजी, आणि तीही अमेरिकन. "बेसबॉल", "हॉटडॉग", "साइडवॉक". बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "हॉटडॉग म्हणजे काय रे? मी 'हातोडा' म्हणालो." आता हा दोष कानाचा की यादीचा, हे ठरवायला समोर समजूतदार माणूस लागतो. ती ऑडिऑलॉजिस्ट समजूतदार होती. तिने उत्तरांपुढे भाषेची नोंद केली आणि बाबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तेव्हापासून हे शिक्षण नक्की काय असतं याची आम्हाला उत्सुकता लागली.

तर एयूडी, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑडिऑलॉजी. ही पीएच.डी. नव्हे आणि एम.डी.ही नव्हे. पीएच.डी. संशोधनासाठी, ही रुग्ण तपासण्यासाठी. शस्त्रक्रिया आणि औषधं डॉक्टरांकडे. ऐकणं आणि तोल यांची तपासणी, यंत्र निवडून जुळवणं, कॉक्लिअर इम्प्लांट बसल्यावर त्याचं प्रोग्रामिंग (हो, प्रोग्रामिंगच म्हणतात!), नवजात बाळांच्या तपासण्या हे ऑडिऑलॉजिस्टकडे. बाळांच्या बाबतीत इथला नियम सोपा आहे : पहिल्या महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपाय. उशीर झाला तर भाषा शिकण्याचे महिने हातचे जातात.

पूर्वी इथे मास्टर्स पुरत असे. नव्वदच्या दशकात एयूडी सुरू झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून आशा या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट पदवी सक्तीची झाली. पदवीनंतर साधारण चार वर्षं, त्यातलं शेवटचं बहुधा दवाखान्यात पूर्णवेळ. काही ठिकाणी तीन वर्षांत उरकतात. पदवी कशातही चालते, मात्र काही पूर्वविषय करून घ्यावे लागतात. शिवाय प्रॅक्सिस परीक्षा आणि राज्याचा परवाना.

आता आमच्या आयटीवाल्यांचा लाडका प्रश्न : अ‍ॅप आलं की हे सगळे बेकार होणार का? सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएने अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरलाही परवानगी दिली. आमचं मत असं की यंत्राच्या नफ्यावर चालणारी क्लिनिकं अडचणीत येतील, तपासणीवर चालणारी नाही. विनाप्रिस्क्रिप्शनची यंत्रं फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहेत. मुलं, जास्त बहिरेपण, चक्कर, इम्प्लांट हे सगळं त्याबाहेर. पण एक खरं, इथल्या मूळ मेडिकेअरने १९६५ पासून श्रवणयंत्राचे पैसे कधी दिलेले नाहीत. त्यामुळे तपासणीची वेगळी फी मागायची सवय ना दवाखान्यांना, ना रुग्णांना. २०२३ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वर्षातून एकदा ऑडिऑलॉजिस्टकडे काही तपासण्यांसाठी जाता येतं, हे एक पाऊल.

खरी काळजी वेगळीच आहे. ती पैशाची.

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जांचं गणित बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस कर्ज नाही. साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण कमाल १ लाख. 'व्यावसायिक' पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. मग व्यावसायिक कोण? शिक्षण खात्याच्या समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्या मसुद्यावर सहमती केली त्यात वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, कायदा, कायरोप्रॅक्टिक, थिऑलॉजी वगैरे अकरा क्षेत्रं होती. ऑडिऑलॉजी नव्हती. नर्सिंग आणि फिजिकल थेरपीही नव्हती. डोळ्यांची ऑप्टोमेट्री आत, कानांची ऑडिऑलॉजी बाहेर! कर्ज आटलं की कॉलेजं फी कमी करतील, हा सरकारचा युक्तिवाद. करतीलही, पण आपल्या मुलीचं अ‍ॅडमिशन तोवर थांबणार नाही.

आम्ही एक्सेल उघडलं. वर्तमानपत्रांत १ लाखाची मर्यादा गाजली, पण चार वर्षांना २०,५०० धरले तर ८२,००० च होतात. म्हणजे १ लाखही हातात येत नाहीत. परराज्यातल्या किंवा खाजगी विद्यापीठात राहण्या-खाण्यासह वर्षाला ५०,००० धरले, तर १,१८,००० डॉलर घरातून किंवा खाजगी बँकेकडून, जास्त व्याजाने आणि सहसा आईबाबांच्या सहीने. २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार ऑडिऑलॉजिस्टचा मध्यम पगार ८७ हजारांच्या आसपास होता. खाऊन-पिऊन सुखी, पण दोन लाखांचं कर्ज झेपेल असा नाही. आणखी एक, सरकारी किंवा ना-नफा संस्थेत दहा वर्षं नोकरी केली तर उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं, खाजगी कर्जाला ती सोय नाही.

म्हणून आम्हाला विचाराल तर नावाच्या मागे न लागता आपल्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ, मान्यता तपासून. आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न : असिस्टंटशिप किती जणांना मिळते? शेवटच्या वर्षाला स्टायपेंड असतो का? काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी ते वर्ष फुकट राबायचं आणि वर फी भरायची.

आपल्यातल्या काही वहिनी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतून, नायर रुग्णालयातून किंवा पुण्याच्या भारती विद्यापीठातून याच विषयाची पदवी घेऊन एच-४ वर इथे येतात. त्यांची परिस्थिती याहून अवघड. भारतातली चार वर्षांची पदवी पाया म्हणून उत्तम, पण इथे प्रॅक्टिससाठी पुन्हा एयूडी. सरकारी कर्ज एच-४ ला मिळतच नाही, आणि स्टायपेंडवाली जागा घ्यायची तर कामाची परवानगी हवी. आधीचे विषय मोजून थोडी सूट मिळते का, हे विद्यापीठाला आधीच लेखी विचारावं.

ती मुलगी २०२७ मध्ये सुरू करणार, म्हणजे नव्या नियमांतच. आमचा तक्ता आम्ही तिला पाठवला. तिचं उत्तर आलं : "थँक्यू काका, पण रो १४ मध्ये तुम्ही डेंटल इन्शुरन्स विसरलात." आईचा फोन नंतर आला, आणि यावेळी त्यांनी विषय बदलला नाही.

बाबांचं नवं यंत्र ड्रॉवरबाहेर आहे. क्रिकेट चालू असताना आई बोलायला लागली की मात्र त्याचं चार्जिंग संपतं.