कृष्णाकाठचे रसायनशास्त्र

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. अशा घटनेनंतर काय काय होते, हे आपल्याला आता पाठ झाले आहे. छायाचित्रे छापून येतात, निवेदने दिली जातात, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेकडे रवाना होतात. पण नमुने घेतले जातात ते मासे तरंगू लागल्यावर. घाण पाण्याचा लोंढा तोवर पुढे गेलेला असतो. आदल्या रात्री, आदल्या आठवड्यात पाण्यात प्राणवायू किती होता, या साध्या प्रश्नाचे उत्तर हाती नसते आणि त्यामुळे दोषही कोणाच्या पदरात घालता येत नाही.

हे उत्तर मिळवायला परदेशी यंत्रसामग्री लागते असे नाही. विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये सांगितलेली पद्धत बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला करता येते. नदीकाठीच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे, तपकिरी साका बसू द्यायचा, मग आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन करायचे. स्टार्चचा निळा रंग गेला की हिशेब मिळाला. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असेल तर नदी ठीक. दोनच्या खाली गेला की माशांचा जीव धोक्यात. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, हे मोजण्याची चाचणी पाश्चात्त्य देशांत २० अंशांवर पाच दिवस चालते. आपल्या हवामानाला धरून ती २७ अंशांवर तीन दिवस करतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यात ही मागणी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. घरगुती सांडपाण्यात ती दोन-तीनशे असते. नियमाप्रमाणे मद्यार्काचे हे पाणी नदीत यायलाच नको. उन्हाळ्यात पात्र आटलेले असताना त्यातले थोडे जरी आले, तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता नकाशा पाहा. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाई, साताऱ्याजवळचे माहुली, कराड, पलूस तालुका असे करत सांगलीला येते. या वाटेवर विज्ञान शाखेची महाविद्यालये आहेत. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्थाही त्याच वर्षीची. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, आणि २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले. माणसे आहेत, बाटल्या आहेत, नदी तर दारातच आहे. मग अडते कुठे?

माझ्या मते अडते ते मोजमापात. प्राध्यापकाची बढती आणि विद्यार्थ्याची पदवी वर्षानुवर्षे छापलेल्या निबंधांच्या संख्येवर तोलली गेली. संशोधकाने प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये काढली. पण सवय काही परिपत्रकाने जात नाही. परदेशी नियतकालिकात एखाद्या नव्या संयुगावर चार पाने छापून आली की काम झाले. माहुलीच्या पाण्याची तीन वर्षांची रोजची नोंद ठेवणाऱ्याला मात्र कोणत्या रकान्यात किती गुण द्यायचे, हे कोणी ठरवलेले नाही. त्यात तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण अध्यापक पुढच्या वर्षी आपण असू की नाही या विवंचनेत असतो. तो तीन वर्षांची नोंद कशी सुरू करणार?

बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरची, कथाही हीच. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी असो की सांगलीकडचा भाजीपाला, वाफ्यांवर 'मल्चिंग पेपर' अंथरलेला दिसतो. नाव पेपर, पण तो कागद नव्हे. ते पातळ पॉलिथिलीन. हंगाम संपल्यावर फाटके तुकडे मातीत राहतात किंवा बांधावर जळतात. एका वाफ्यातील माती चाळून किती ग्रॅम तुकडे निघतात, हा पदव्युत्तर वर्गासाठी उत्तम प्रकल्प आहे. शेतात जाळले जाणारे पाचट आणि कारखान्याचा भुसा हेही सेल्युलोज आणि लिग्निन यांसारख्या नैसर्गिक बहुवारिकांचेच ढीग. साताऱ्याच्या शिवेपासून दूर नसलेल्या जेजुरीत २०२४ मध्ये जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. उद्या तिथे लागणारी माणसे उसाच्या पट्ट्यातून जाणार की बाहेरून येणार, हे आजच्या अभ्यासक्रमावर ठरेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्याचे आपण काय केले? अनेक ठिकाणी ते उतरवून काढलेल्या 'प्रकल्पवह्यां'पुरते उरले.

यावर एक आक्षेप येईल की, महाविद्यालयाचे आकडे न्यायालयात टिकणार नाहीत. खरे आहे. जलप्रदूषण कायद्याखाली नमुना घेण्याचा अधिकार आणि रीत ठरलेली आहे, ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच. परंतु घंटा वाजवायला न्यायालय लागत नाही. कराडला सकाळी प्राणवायू घसरलेला दिसला, तर सांगलीला वेळेत कळवता येईल आणि मंडळाचा अधिकारी योग्य जागी, योग्य वेळी पोहोचू शकेल.

दुसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. साखर कारखान्याचे संचालक आणि शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आपल्याकडे अनेक ठिकाणी एकाच घरातले असतात. आपल्या वर्गाने मोजलेला आकडा आपल्याच संस्थाचालकाला नकोसा वाटेल, ही धास्ती प्राध्यापकाला असते, आणि ती अनाठायी नाही. म्हणून ही नोंद एकट्या महाविद्यालयावर सोपवू नये. विद्यापीठांनी एकच दिवस, एकच वेळ आणि एकच पद्धत ठरवून द्यावी, एकाचे नमुने दुसऱ्याने तपासावेत, आकडे दर आठवड्याला जाहीर व्हावेत आणि या कामाला निबंधाइतकेच गुण मिळावेत. सगळ्या गावांचे आकडे एकत्र छापले गेले, तर एका प्राध्यापकाला एकटे गाठणे अवघड होईल.

कृष्णेचे पाणी पिणारे लाखो लोक या दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांच्याच मुलांना आपण रसायनशास्त्र शिकवतो. पुढच्या उन्हाळ्यात मासे तरंगले, तर निदान आदल्या आठवड्याचा आकडा आपल्या वहीत असावा.