रात्रपाळीतली झाडं

कर्वेनगरातल्या कुठल्याही आयटीवाल्याच्या घरी जा. टीव्हीशेजारी नाहीतर वर्क फ्रॉम होमच्या टेबलावर एक वाटीएवढी पांढरी कुंडी हमखास दिसते. त्यात गुलाबासारखी पानं रचलेलं गुबगुबीत रोप, वर रंगीत खडे, आणि बाजूला खोचलेलं कार्ड: 'झीरो मेंटेनन्स. तापमान १८ ते २४ डिग्री.' वाढदिवस, वास्तुशांत, मुंजीचं रिटर्न गिफ्ट, प्रोजेक्टचं गो-लाइव्ह... हल्ली सगळ्याला हेच देतात. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. दोन-तीन महिन्यांत बुंधा पिवळा पडून लिबलिबीत होतो, रोप ओल्या कचऱ्यात जातं आणि कुंडीत पेनं येतात.

मग आपण म्हणतो, "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत." मंडळी, हाताचा काही दोष नाही. दोष त्या कार्डाचा आहे. त्यावरचा आकडा खोटा आहे असंही नाही. पण दिवसरात्र एकच आकडा ठेवला की झाड खूश, ही जी समजूत त्या कार्डानं आपल्या गळी उतरवलीय ना, ती साफ चूक आहे. सक्युलंटला ठरावीक तापमान नको असतं. त्याला दिवस आणि रात्र यांत फरक हवा असतो. आणि नेमका तोच आपण आपल्या घरांतून आणि ऑफिसांतून हद्दपार केलाय.

आता थोडं तांत्रिक. साधं झाड दिवसा पानांची रंध्रं उघडतं, कार्बन डायऑक्साइड घेतं आणि उन्हात साखर बनवतं. रंध्रं उघडी म्हणजे पाणीही उडून जाणार. कोरड्या मुलखात हे परवडत नाही. म्हणून बहुतेक सक्युलंट्सनी रात्रपाळी धरली. दिवसा शटर बंद. रात्री गारव्याला शटर उघडायचं, कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं की शटर न उघडता त्याची साखर करायची. थोडक्यात काय, रात्री डेटा गोळा, दिवसा बॅच जॉब. शास्त्रज्ञ याला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटॅबॉलिझम म्हणतात, किंवा नुसतंच 'कॅम'.

गंमत म्हणजे याचा एक पहिला पुरावा आपल्या भारतातलाच आहे, आणि तोही आपल्या पानफुटीचा! बेंजामिन हाईन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होता. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं, हे त्यानं चाखून पाहिलं आणि १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा वापरलं जातं, म्हणून हा चवीतला फरक. (त्यानं चाखलं ते ठीक, तुम्ही चाखू नका. पानफुटीच्या कुळात विषारी द्रव्यं असतात.)

आता मुद्दा तापमानाचा. रात्र गार असेल तर शटर नीट उघडतं आणि आम्ल भरपूर साठतं. रात्र गरम असेल तर शटर पुरेसं उघडत नाही, वर झाडाचा श्वासोच्छ्वास वाढून साठवलेलं जास्त जळतं. कमाई कमी, खर्च जास्त. काही महिने झाड अंगातलं पाणी आणि साठा खाऊन तग धरतं. आपल्याला वाटतं, वा, काय काटक आहे! प्रत्यक्षात ते उपाशी मरत असतं.

या हिशेबानं आपलं ऑफिस बघा. दिवसभर एसी २४ वर आणि ट्यूबलाइटचा उजेड. संध्याकाळी लोक घरी गेले की एसी बंद, काचा सीलबंद, दिवसभर तापलेल्या काचेची नि काँक्रीटची ऊब आतच. म्हणजे दिवसा गार, रात्री गरम. झाडाला हवं त्याच्या बरोब्बर उलट. अमेरिकन क्लायंटसाठी रात्री जागणाऱ्या माणसांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तीच शिक्षा आपण त्या बिचाऱ्या रोपाला देतो, तीही बिनपगारी.

घरची कथा वेगळी नाही. कर्वेनगरात फ्लॅटचा ताबा मिळाला की पुणेकर पहिलं काम काय करतो? बाल्कनी आत घेतो. स्लायडिंगच्या खिडक्या बसवतो आणि हॉल सहा फूट वाढला म्हणून पेढे वाटतो. बाल्कनी गेली, रात्रीचा वारा गेला. मग तिथेच, काचेच्या आत, सक्युलंटची मांडणी करतो. दुपारी काचेतून भट्टी, रात्री भिंतींची धग.

यावर कळस म्हणजे इंटरनेटवरचा सल्ला: 'हिवाळ्यात झाडं घरात घ्या.' अरे, तो सल्ला बर्फ पडणाऱ्या गावांसाठी आहे! तिथे पारा शून्याखाली गेला की पानातलं पाणी गोठतं आणि पेशी फुटतात. पुण्यात आजवरचं सर्वांत कमी तापमान १.७ डिग्री, तेही जानेवारी १९३५ मधलं. एरवी डिसेंबर-जानेवारीत सरासरी किमान ११-१२ डिग्री असतं आणि दुपारी पारा ३० च्या आसपास जातो. म्हणजे अठरा-एकोणीस डिग्रींचा फरक, आकाश निरभ्र, हवा कोरडी. ते गुलाबासारखं रोप, एचेव्हेरिया, मूळचं बहुतांशी मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. त्याच्यासाठी ही दिवाळीच की! पानांच्या कडा लालबुंद होतात त्या याच दिवसांत. आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला स्वेटर घातल्यासारखं आत कोंडून ठेवतो.

खरा धोका जुलैत असतो. तेव्हा पुण्याचं कमाल साधारण २८ आणि किमान २२. कार्डाप्रमाणे बघाल तर आदर्श हवा! पण फरक उरतो जेमतेम सहा डिग्रींचा, हवेत दमटपणा, ढगांमुळे ऊन नाही आणि कुंडीतली माती वाळत नाही. मुळं कुजतात ती या आदर्श तापमानात. तेव्हा पावसाळ्यात झाड छपराखाली पण बाहेर, वाऱ्यावर ठेवा आणि पाण्याला हात लावताना दहादा विचार करा. एप्रिलमध्ये पारा ३८ वर जातो तेव्हा दुपारची सावली द्या, आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात ठेवू नका. तिच्यातली माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि मुळं शिजतात. पाणी संध्याकाळी. बाकी वर्षभर खिडकीची ग्रिल झिंदाबाद. आतलं रोप बाहेर काढताना मात्र आठ-पंधरा दिवसांत हळूहळू उन्हाची सवय लावा.

आता तुम्ही म्हणाल, "एवढा वेळ असता तर सक्युलंट कशाला घेतलं असतं?" पण मी जास्तीचं काम कुठे सांगतोय? आत ठेवून रोज काळजी करण्यापेक्षा बाहेर ठेवून दुर्लक्ष करणं सोपं आहे. आणि सगळी सक्युलंट एका माळेचे मणी नाहीत, हेही मान्य. अडेनियमला उन्हाळाच आवडतो, थंडीत ते पानं गाळून बसतं. हॉवर्थिया कमी उजेडात तग धरते. म्हणून तर सगळ्यांच्या गळ्यात एकच १८ ते २४ चं कार्ड अडकवणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर शिंदळ माकुडी घ्या. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल यानं १८६० च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं. महाराष्ट्राबाहेर ही निसर्गात आढळत नाही. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, अशा ठिकाणी कड्यांच्या कपारीत ती लोंबते. पावसात पानं धरते, किरमिजी चांदण्यांसारखी फुलं देते, उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल फांद्यांवर राहते. कड्यावर पाणी थांबत नाही, वारा अडत नाही, रात्री दगड गार होतो. बस, एवढ्यावर तिचा संसार चाललाय. (दुर्मिळ आहे, गडावर दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला. फांदी तोडून पिशवीत घालणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहीत नाही.)

आणि हे सगळं फक्त कुंडीपुरतं आहे असं समजू नका. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी आपला आश्रम इथे आणला तेव्हा हे गावाबाहेरचं मोकळं माळरान होतं. माळरान रात्री गार होतं, काँक्रीट होत नाही. आपण पेपरात कमाल तापमान वाचून हळहळतो, किमानाकडे कोणी बघत नाही. पण एप्रिलच्या मध्यरात्री तुमची उशी गरम लागते ती किमानामुळे. झाडाला झोंबते तीच रात्र तुम्हालाही झोपू देत नाही. फरक इतकाच की तुम्ही एसी लावता, आणि त्याचा गरम झोत बाहेर सोडता. शेजाऱ्याच्या ग्रिलवर. तिथे त्याचं सक्युलंट असतं.

तेव्हा बाल्कनी आत घेतली असेल तर निदान रात्री खिडक्या उघड्या ठेवा. घेतली नसेल तर कृपा करून घेऊ नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडं तोडून पार्किंगला फरशी घालायचा विषय निघाला, तर या वेळी गप्प बसू नका. आणि पुढच्या वाढदिवसाला सक्युलंट देणार असाल तर कार्डावर आकडा लिहू नका, 'खिडकीबाहेर ठेवणे' एवढंच लिहा.

बाकी ज्यांना खरोखर झीरो मेंटेनन्सच हवं आहे त्यांच्यासाठी बाजारात प्लॅस्टिकची फार सुंदर रोपं मिळतात. त्यांना १८ ते २४ काय, काहीही चालतं. :)