ई-सायकलला मडगार्ड लावताना वायर सांभाळा

पावसाळ्यात ई-सायकलवर पाणी वरून पडते, त्याहून जास्त खालून उडते. पुढचे चाक चिखल थेट चेनवर आणि पेडलजवळच्या सेन्सरवर फेकते. 'आयपी ६५' म्हणजे धूळ व पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण; वाळूमिश्रित चिखलाने चेन झिजते, ती झिजतेच. तरीही अनेक महागड्या ई-सायकली मडगार्डविना विकल्या जातात, हे अनाकलनीयच. मडगार्ड टायरपेक्षा रुंद घ्या, पुढच्याला खालपर्यंत रबरी फ्लॅप हवा. टायरपासून बोटभर फट ठेवा. मागच्या चाकात हब मोटर असेल तर आधाराच्या दांडीखाली मोटरची वायर चेपत नाही ना, हे पाहा. नट नायलॉकच वापरा. पुढची दांडी सुटून चाकात अडकली, तर चालक हँडलवरून फेकला जाऊ शकतो.