हाउन्सलोच्या वेशीवरचा विषाणू

लंडनच्या पश्चिमेस, हीथ्रो विमानतळालगत हाउन्सलो आहे. तेथे भारतीय वंशाची वस्ती मोठी. २१ मे २०२१ रोजी ब्रिटिश सरकारने हाउन्सलोसह आठ भागांत विनाकारण ये-जा टाळावी, असा सल्ला गाजावाजा न करता प्रसिद्ध केला. स्थानिक पुढाऱ्यांनी आम्हांस विचारलेच नाही अशी ओरड केली, तेव्हा चार दिवसांनी सरकारला खुलासा करावा लागला. कारण होते कोरोनाचा डेल्टा अवतार. त्यास तोवर सर्रास ‘भारतीय’ म्हटले जाई. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षराचे नाव दिले. बरे केले, पण उशीर झाला होता.

वेशी बंद करण्यावर पुष्कळ चर्चा झाली. आम्हांस वाटते, खरी चोरी पेशीच्या आत चालते. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. हा पदार्थ १९५७ साली लंडनच्याच मिल हिल येथे आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी शोधला. तो शेजारच्या पेशीच्या दारावर पोचला की आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो आणि केंद्रकात बचावाची शेकडो जनुके जागी होतात. कोरोनाचे एक प्रथिन नेमके केंद्रकाच्या दारात हा निरोप अडवते. दुसरे एक, इंटरफेरॉन तयार करण्याचा हुकूमच दाबते.

ही खोड एकट्या कोरोनाची नाही. २००५–०६ साली आपल्या मॉरिशसमध्ये सांधे धरणारा चिकनगुनियाही हाच निरोप तोडतो. तो तर डासाच्या पाठीवरून आला, विमानतळावर त्यास कोण अडवणार?

कोरोनात सुरुवातीला दबलेली हाक पुढे काही रुग्णांत आरडाओरडा होते, आणि शरीराचा बचावच फुफ्फुसे जाळतो. म्हणून औषधाला वेळ पाहावी लागते. ऑक्सफर्डच्या २०२० च्या चाचणीत डेक्सामेथासोनने प्राणवायू लागणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले. ज्यांना तो लागत नव्हता त्यांना लाभ दिसला नाही. पेशीतील निरोप मुद्दाम रोखणारे बॅरिसिटिनिब संघटनेने जानेवारी २०२२ मध्ये गंभीर रुग्णांसाठीच सुचविले. २०२१ मध्ये भारतात पुष्कळांनी पहिल्या तापालाच स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या, म्हणजे विषाणू जे काम करीत होता त्यास घरूनच हातभार लावला.