‘सगळे सारखेच’ म्हणण्यापूर्वी



आमच्या कार्यालयात वसईचे एक ख्रिस्ती सहकारी आहेत. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो. एके दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. विचारले तेव्हा कळले, की घरी आईशी वाद झाला. निमित्त एका पुस्तकाचे, फादर अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’चे. मुलगा पहाटे मांडी घालून श्वासाकडे लक्ष देत बसतो आणि रोझरी तशीच खुंटीला राहते, म्हणून आई रडते. “तुम्ही बौद्धही श्वासच पाहता ना? मग यात वाईट काय?” असे त्यांनी आम्हालाच विचारले.

प्रश्न आईच्या डोळ्यांतील पाण्याचा होता. म्हणून उत्तराची घाई न करता आम्ही थोडी माहिती घेतली.

डिमेलो हे १९३१ साली मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. ‘साधना’ १९७८ साली निघाले. शांत बसणे, शरीराच्या संवेदना जाणणे, श्वासाचे भान ठेवणे येथून ते सुरू होते. आनापानसती करणाऱ्याला ते परके वाटणार नाही. १९८७ साली न्यूयॉर्क येथे डिमेलो वारले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने त्यांच्या लेखनाबद्दल जाहीर सूचना काढली. खाली सही होती कार्डिनल रॅट्झिंगर यांची. हेच पुढे २००५ साली पोप बेनेडिक्ट सोळावे झाले.

आक्षेप काय होता? सुरुवातीच्या पुस्तकांवर बौद्ध व ताओ विचारांचा प्रभाव असला तरी ती एकंदरीत ख्रिस्ती मर्यादेत आहेत, हे मंडळाने मान्य केले. पण पुढच्या लेखनात येशू हा अनेक गुरूंपैकी एक गुरू ठरतो आणि देव ही एक निराकार, अनाम शक्ती होऊन जाते, असे मंडळाचे म्हणणे. डिमेलोंच्या चाहत्यांना हे पटले नाही. ही पुस्तके सर्व धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्याही वाचकांसाठी होती, असे ते सांगतात. काही पुस्तके तर मृत्यूनंतर निघाली. गेलेला माणूस खुलासा कसा करणार?

तरीही आक्षेपाचे मूळ समजून घ्यावे. ख्रिस्ती माणसाची प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणे. समोर ऐकणारा कोणी आहे, ही त्याची श्रद्धा. येशू हाच तारणारा आणि मरणानंतर पुनरुत्थान, हा त्याचा विश्वास. आपल्या आनापानात ऐकणारा कोणी नाही, श्वास आहे आणि जागरूक मन आहे. बसण्याची रीत एक दिसली तरी आतला अर्थ वेगळा. याच मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ध्यानाविषयी पत्र काढले होते. इतर धर्मांच्या पद्धतींतील उपयुक्त ते घेण्यास त्यात मनाई नाही. अट एवढीच, की ख्रिस्ती प्रार्थनेचा अर्थ त्यात हरवू नये.

आम्हाला हा आक्षेप शत्रुत्वाचा वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे आपण मानणार नाही, असे त्यांतील पाचवी प्रतिज्ञा सांगते. कोणी गोड बोलून बुद्धाला नववा अवतार म्हटले की आपल्या जिवाला लागते, कारण त्या गोडीत बुद्धच नाहीसा होतो. मग येशूला कोणी गुरूंच्या रांगेत बसवले तर त्या माऊलीला का लागू नये?

आम्ही सहकाऱ्यांना म्हटले, “श्वास पाहण्यात वाईट काही नाही. पण ‘सगळे सारखेच’ म्हणून आईला गप्प करू नका. तुम्ही येशूला सोडलेले नाही, हे तिला कळू द्या. सोडले असेल, तर तेही खरे सांगा.”

आठवड्याने ते म्हणाले, आता पहाटेचे बसणे झाले की संध्याकाळी रोझरी आईबरोबर म्हणतो. आई अजून पूर्ण समाधानी नाही, पण बोलू लागली आहे.

शेजारधर्म पाळायला धर्मांची खिचडी करावी लागत नाही. आपले काय आणि दुसऱ्याचे काय, हे नीट ओळखले तरी पुरे. मुलांनाही घरी एवढे जरूर सांगा.